पोत्यातली पिल्ले

उन्हाळ्याच्या सुटीत नातू भोपाळला आला की आमच्या घराचे वेळापत्रक त्याच्या हाती जाते. तो बंगळूरला वाढतो आहे. त्याची भाषा तिपाईसारखी आहे. एक पाय मराठीचा, एक हिंदीचा आणि एक इंग्रजीचा. तिपाई डुगडुगते, पण पडत नाही, म्हणून आम्हीही फारसे बोलत नाही. दुपारी जेवणे आटोपली की तो आपल्या आजीचा चष्मा आणि आमची वर्तमानपत्राची घडी बाजूला सारतो, संगणकाचा पडदा उघडतो आणि आम्हांस शेजारी बसवून घेतो. मग मांजर आणि उंदीर यांचे ते जुने युद्ध सुरू होते. त्याला भाषा लागत नाही. आजोबा आणि नातू यांच्यामध्ये जे तीनचार शब्द कमी पडतात, ते तिथे लागतच नाहीत.

गेल्या सुटीत त्याने जो चित्रपट लावला, तो १९४९ सालचा. 'हेवनली पुस' हे त्याचे नाव. टॉम नावाचा बोका आणि जेरी नावाचा उंदीर यांची जोडी विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी १९४० साली पडद्यावर आणली आणि पुढे त्यांच्या चित्रपटांना सात ऑस्कर मिळाले, हे सर्वश्रुत आहे. बोक्याच्या शेपटीवर काही पडले की जी आरोळी ऐकू येते, ती हॅनासाहेबांच्या स्वतःच्या गळ्यातली. एकेक चित्रपट जेमतेम सात मिनिटांचा. पण पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात, म्हणजे सात मिनिटांत दहा हजारांहून अधिक. एका चौकटीत बोका चपटा झालेला असतो, काही चौकटींनंतर तो पुन्हा गोल, गुबगुबीत होऊन धावू लागतो. या कलेचे सारे रहस्य एवढेच. पुढची चौकट काढणारा कोणीतरी बसलेला आहे, तोवर बोका मरत नाही.

'हेवनली पुस'मध्ये मात्र तो मरतो. उंदीर जिना चढून पळत असतो. त्याला खाली आणण्यासाठी बोका पायऱ्यांवरचा गालिचा ओढतो, त्यासरशी वर ठेवलेला पियानो गडगडत येतो आणि बोका त्याखाली सापडतो. त्याचा आत्मा सोनेरी सरकत्या जिन्याने वर जातो. वर एक रेल्वे स्थानक आहे, स्वर्गाची गाडी फलाटाला लागलेली आहे आणि दाराशी एक म्हातारा बोका वही उघडून नावे तपासतो आहे. रांगेतली मांजरे एकेक करून आत सोडली जातात. टॉमची पाळी येते तेव्हा वहीत त्याचे सारे आयुष्य निघते. एका निरपराध उंदराचा छळ करण्यात त्याने ते घालविले आहे. त्याला तासाभराची मुदत मिळते. उंदराकडून क्षमापत्रावर सही आणली तर गाडीत जागा, नाही तर खाली कढईत. सही मिळते, पण काही क्षण उशिरा. बोका कढईत कोसळतो आणि आपल्या घरी शेगडीपाशी दचकून जागा होतो. सारे स्वप्न होते. आनंदाच्या भरात तो उंदराला कवटाळून त्याचे मुके घेतो, आणि उंदराला काय झाले ते कळत नाही.

नातू पोट धरून हसला. आम्हीही हसलो. मग त्याने चित्रपट मागे नेला आणि एका ठिकाणी थांबविला. टॉमच्या आधी रांगेतून एक ओले पोते सरकत येते. त्याचे तोंड उघडते आणि आतून तीन इवलीशी पिल्ले बाहेर पडून गाडीकडे दुडुदुडु जातात. दारावरचा म्हातारा बोका त्यांच्याकडे पाहून माणसांच्या करणीबद्दल हळहळतो. हा प्रसंग काही सेकंदांचाच. कोणीतरी पोत्यात घालून ती पिल्ले पाण्यात सोडली, एवढे त्यात न सांगता सांगितले आहे.

नातवाने विचारले, "आजोबा, टॉम वापस येतो. मग ही पिल्लं का नाही येत?"

आम्ही गप्प राहिलो. स्वयंपाकघरातून चहासाठी हाक आली म्हणून आमची तेवढ्यापुरती सुटका झाली.

हाच चित्रपट आम्ही लहानपणी पाहिला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे आपली भांडीकुंडी बांधून इकडे आली, त्यांत आमचे वडील होते. तात्या टोपे नगराच्या सरकारी वसाहतीत आम्ही वाढलो. जुने शहर तळ्यापलीकडे होते. तिकडे जायचे ते कापड घ्यायला, रेल्वे गाठायला, आणि वर्षातून तीनचार वेळा चित्रपट पाहायला. अशाच एका रविवारी सकाळच्या खेळात, मोठा चित्रपट सुरू होण्यापूर्वी, पियानोखाली सापडलेला हा बोका आम्हां भावंडांना भेटला. पोते त्याही वेळी पडद्यावर आले असणारच, पण आमच्या ध्यानात ते राहिले नाही.

चित्रे हलती करून हसविण्याचा हा खेळ आपल्याला परका होता असेही नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' दाखवून काड्यांना पडद्यावर नाचविले होते. पुढे १९३४च्या सुमारास प्रभात फिल्म कंपनीने 'जंबूकाका' नावाच्या कोल्ह्याला चित्रांतून जिवंत केले. पण घरात आजीकडून ऐकलेल्या प्राण्यांच्या गोष्टींत आणि या पाहुण्या बोक्यात एक मोठा फरक होता, तो आम्हांस बालपणीही जाणवला असावा. आजीच्या गोष्टीतला सिंह विहिरीत उडी घेई, तो वर येत नसे. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा तापल्या तव्यावर बसला की भाजे, आणि भाजलेलाच राही. आजी गोष्ट संपवून जपमाळ हाती घेई. आम्ही मात्र रात्री अंथरुणात त्या कावळ्याचा विचार करीत असू. टॉमचा विचार करीत रात्री कोणी जागे राहिले नाही. तो उद्या पुन्हा धावणार, याची खात्री होती. ही खात्री आम्हांस फार आवडे.

ती मोडली १९८४ साली.

२ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि वारा ते जुन्या शहरावर घेऊन गेला. मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे तो वाढत गेला आणि पीडितांच्या संघटनांनी सांगितलेला आकडा त्याहून कितीतरी मोठा आहे. पाच लाखांहून अधिक माणसांच्या श्वासात तो वायू गेला. आपली बहुतेक मराठी घरे नव्या भोपाळात होती. आम्हांस जाग आली ती पहाटे, रस्त्यावरून येणाऱ्या माणसांच्या आवाजाने. आमचा प्राण वाचला तो शहाणपणाने नव्हे, शौर्याने नव्हे, पुण्याईनेही नव्हे. वारा आमच्या बाजूला वाहत नव्हता, इतकेच.

आमचे एक सहकारी स्टेशनाच्या बाजूला राहत. कार्यालयात आमची टेबले शेजारी होती. उजाडल्यावर आम्ही स्कूटर काढली आणि त्यांचा शोध घ्यावयास निघालो. पॉलिटेक्निक चौकातून कमला पार्ककडे उतरताना समोरून येणारी माणसे डोळे मिटून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. पुढे, जुन्या वस्तीत, रस्त्याच्या कडेला म्हशी पडल्या होत्या. पोटे फुगलेली, पाय ताठ. एका दुकानाच्या बंद फळ्यांपाशी एक मांजर पालथे पडले होते. चारी पाय चारी दिशांना, शेपटी काडीसारखी सरळ.

आता जे लिहितो आहोत ते आजवर आम्ही कोणालाही सांगितलेले नाही. त्या मांजराकडे दृष्टी गेली तेव्हा आमच्या मनात पहिल्याने आला तो टॉम. पडद्यावर बोका चपटा होतो तो नेमका असाच, आणि असाच दिसला की थिएटर हशाने भरून जाते. क्षणभर, खरोखर क्षणभरच, आम्ही ते मांजर उठण्याची वाट पाहिली. मग भोवती काय पसरले आहे त्याचे भान आले. अशा वेळी असले काही आठवावे, याची जी शरम वाटली ती आयुष्यभर पुरली.

सहकारी हमीदिया रुग्णालयाच्या आवारात सापडले, डोळ्यांवर पट्टी बांधलेले. त्यांची आई आणि धाकटा भाऊ त्या रात्री गेले. १६ डिसेंबरला, टाकीत उरलेला वायू वापरून संपविण्यासाठी कारखाना पुन्हा चालविला गेला, त्याच्या आधीच्या दिवसांत शहर रिकामे होऊ लागले. आम्हीही कुटुंबाला घेऊन नागपूरला गेलो. ते मात्र गेले नाहीत. कोठे जाणार? त्यांचे नागपूर भोपाळच होते. ही गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. फार पुढे आली. राहावयास येणारा आणि राहणारा यांच्यातला भेद अशा पंधरवड्यात उघडा पडतो.

त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही हे चित्रपट पाहू शकलो नाही. १९९५ साली व्यंगचित्रपटांची स्वतंत्र वाहिनी भारतात आली. आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. दुपारभर टॉम आणि जेरी घरात धुमाकूळ घालू लागले. तो हसावयास लागला की आम्ही काहीतरी निमित्त काढून उठत असू. नळ तपासावयाचा असे, पोस्टात जावयाचे असे. तो विचारीत नसे आणि आम्ही सांगत नसू. चांगल्या घरांमध्ये अशा रीतीने पुष्कळ गोष्टी सांगावयाच्या राहून जातात.

पुढल्याच वर्षी ईदच्या दिवशी आम्ही त्या सहकाऱ्यांच्या घरी गेलो. त्यांना वायूनंतर झालेली मुलगी तेव्हा सातेक वर्षांची होती. शीरखुर्म्याची वाटी आमच्या हाती देऊन तिने दूरचित्रवाणी लावली. पुन्हा तोच बोका. इस्त्री डोक्यावर पडते, डोके इस्त्रीच्या आकाराचे होते. आम्ही नजर वाटीत घातली. एकाएकी शेजारून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. सहकारी हसत होते. हसता हसता खोकला सुरू झाला, तो थांबेना. त्यांच्या पत्नी पाणी घेऊन धावल्या. श्वास परतला तसे ते डोळे पुसून पुन्हा पडद्याकडे पाहू लागले.

आमच्याने राहवले नाही. आम्ही विचारले, तुम्ही हे पाहून हसू कसे शकता?

ते आमच्याकडे वळले. अस्सल भोपाळी ढंगात म्हणाले, "को खाँ, वो उठ जाता है न! बस, येई देखने बैठता हूँ।"

आम्ही उत्तर दिले नाही. त्या दिवसापर्यंत आमची समजूत अशी होती की पडलेल्याला हसणे म्हणजे पडलेल्याचा अपमान, आणि आमचे न हसणे हा मृतांना दिलेला मान. ज्यांच्या घरातून दोन माणसे गेली, ते गृहस्थ पडण्याला हसतच नव्हते. ते बोक्याच्या उठण्याची वाट पाहत होते. तो उठला की हसत होते. त्या ३ डिसेंबरच्या सकाळी दुकानाच्या फळ्यांपाशी आम्हीही क्षणभर हेच केले होते आणि त्याची शरम बाळगून बारा वर्षे काढली होती. बारा वर्षांत आम्ही त्यांच्या दुःखाचा मान राखला म्हणावा, तर एकदाही त्यांच्याशी त्याविषयी बोललो नव्हतो. वाचकहो, न हसणे सोपे होते. बोलणे अवघड होते.

आणखी एक गोष्ट या चित्रपटाने अलीकडे ध्यानात आणून दिली. स्वर्गाच्या दारावरचा तो म्हातारा बोका टॉमला सांगतो की क्षमापत्रावर सही हवी ती उंदराची. छळ ज्याचा झाला त्याची. दुसऱ्या कोणाची चालत नाही. भोपाळात असे घडले नाही. १९८५च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला, आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. वार्ता आली त्या दिवशी आमचे सहकारी टेबलावरची फाइल बंद करून एवढेच म्हणाले, "हमसे किसी ने पूछा?" कायद्याची गुंतागुंत आम्ही जाणतो, लाखो माणसांनी वेगवेगळे दावे परदेशी कंपनीशी कसे लढवावे, हा प्रश्न खरा होता. तरी सात मिनिटांच्या एका पोरखेळात जी गोष्ट चित्रकाराला सुचली, तिच्यासाठी एवढ्या मोठ्या व्यवहारात जागा निघाली नाही, हे मनातून जात नाही. ते सहकारी आता नाहीत. फुप्फुसांनी त्यांना निवृत्तीपर्यंतही पोहोचू दिले नाही.

२०२५च्या जानेवारीत कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा बंद वाहनांतून पीथमपूरला नेण्यात आला आणि पुढल्या काही महिन्यांत तो जाळण्यात आला. चाळीस वर्षे तो तिथे पडून होता. ती बातमी पाहताना आमच्या मनात आले की आमच्या घरातही एक पोते तितकीच वर्षे पडून आहे. आम्ही त्याचे तोंड कधी उघडले नाही. आपल्यातील पुष्कळ घरांत असेच असेल. गणपती, कोजागरी, नाट्यसंगीत, दिवाळीचा फराळ, हे सारे आपण मुलांना दिले आणि चांगले केले. आपण नागपूरहून आलो, ग्वाल्हेरहून आलो, इंदूरहून आलो, हेही सांगितले. ज्या गावात आलो त्या गावाची ती रात्र मात्र दिली नाही, कारण ती आपल्यावर आली नव्हती. गावाचे पाणी आपण पितो, गावाच्या तळ्याकाठी फिरतो, मग गावाचे सुतक तेवढे तळ्यापलीकडचे कसे?

चहा होऊन आम्ही परत आलो तेव्हा नातू तिथेच बसला होता. पडद्यावर पोते तसेच थांबलेले होते. मुले प्रश्न विसरतात असे मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी ठरविलेले आहे.

आम्ही सांगितले. म्हटले, ती पिल्ले खरी मेली, म्हणून येत नाहीत. टॉमचे स्वप्न होते, त्यांचे नव्हते. मग त्या रात्रीविषयी सांगितले. वारा कोणीकडे वाहिला ते सांगितले. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांविषयी, त्यांच्या आईविषयी आणि भावाविषयी सांगितले. मांजराविषयीही सांगितले. त्याला समजेल अशा शब्दांत सांगताना आमची मराठी, त्याची हिंदी आणि मधली इंग्रजी, सारे पाय एकदम टेकावे लागले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "तुम्ही कुठे होतात?"

"घरी. तात्या टोपे नगरात. झोपलो होतो."

"आणि ते आजोबा? ते हसायचे?"

"हसायचे. टॉम उठला की."

त्याने मान हलविली, जणू हे त्याला आधीच ठाऊक होते. चित्रपट त्याने पुन्हा पहिल्यापासून लावला. गालिचा ओढला गेला, पियानो आला, सोनेरी जिना आला. पोते सरकत आले तेव्हा त्याने ते थांबविले नाही, पण पिल्ले गाडीपर्यंत पोहोचेतो तो हसला नाही आणि आम्हीही हसलो नाही. मग कढई आली, बोका कोसळला आणि शेगडीपाशी डोळे उघडून ताडकन उठला. नातू खदखदून हसला. या वेळी आम्हांस नळ तपासावयाचा नव्हता. आम्ही त्याच्या शेजारी बसून राहिलो, आणि हसलो.